आकडा आपलाच असतो

तिने फुटपट्टी कागदावर आडवी ठेवली आणि अकरा बेचाळीसच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग फुटपट्टी एकच ओळ खाली सरकवून दुसरी रेघ मारली. वरची ओळ सांगत होती: अकरा बेचाळीस, सात सेकंद, उपचार चालू, पंप चालू. खालची सांगत होती: अकरा सेहेचाळीस, एकतीस सेकंद, बटण दाबून यंत्र सुरू. या दोन ओळींच्या मधली चार मिनिटं चोवीस सेकंद कुणी गिळली, याबद्दल कागदावर चकार शब्द नव्हता.

कागदाला विभागप्रमुखांची चिठ्ठी टाचलेली होती. दोन ओळींचा दाखला हवा, प्रणालीत दोष आढळला नाही असा. दुपारपर्यंत.

ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत अंगात सोडणारी यंत्रं तिची कंपनी बनवत असे. तिचा मात्र ना रक्ताशी संबंध, ना रुग्णाशी. यंत्राच्या पोटातली मूळ प्रणाली, जिला सगळे कर्नल म्हणत, ती राखणं हे तिचं काम. प्रोग्राम लिहिणारे लिहीत, ती तपासत असे, आणि तिच्या मंजुरीशिवाय एक ओळ आत जात नसे. ऑफिसात तिच्यामागे तिला चाळणी म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

प्रकरण महिन्याभरापूर्वीचं. एका रुग्णालयात उपचार चालू असताना यंत्र थांबलं. खाटेवर एक म्हातारे चित्रकला शिक्षक होते. ते बेशुद्ध पडले आणि पुढचे आठ दिवस वॉर्डात राहिले. जीव वाचला, पण मुलांनी तक्रार केली. रुग्णालयाने समिती नेमली आणि समितीने चार दिवसांत निकाल लावला: यंत्रावरच्या तंत्रज्ञ बाईने उपचार चालू असताना बटण दाबून यंत्र बंद केलं. बाईला घरी बसवलं. आता कंपनीचा दाखला जोडला की फाइल बंद.

तिने तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. यंत्र बंद केल्याची नोंद त्यात कुठेच नव्हती. सुरू केल्याची होती.

ती विभागप्रमुखांकडे गेली. या गृहस्थांचा आवाज कधी चढत नसे. तशी वेळ त्यांनी स्वतःवर कधी येऊच दिली नव्हती. त्यांनी समजावून सांगितलं की नोंदी आधी मेमरीत साठतात आणि मग एकगठ्ठा डिस्कवर लिहिल्या जातात. एकदम वीज तोडली की शेवटच्या काही नोंदी जातात, त्यातच बंद केल्याची नोंदही गेली असणार. तिने सांगितलं की हा गठ्ठा दर दहा सेकंदांनी लिहिला जातो. दहा सेकंद जाऊ शकतात. साडेचार मिनिटं जात नाहीत.

"मॅडम, बटण त्या बाईनेच दाबलं ना?" ते म्हणाले. "एवढं तरी खरं आहे?"

"दाबलं. पण बंद करायला नाही, सुरू करायला."

ते समितीने ठरवायचं, आपण नाही, असं म्हणून त्यांनी पेन पुढे सरकवलं. तिने ते तसंच टेबलावर राहू दिलं आणि बाहेर आली.

फाइलमध्ये समितीचा अहवाल होता, तक्रारीची प्रत होती, चार जणांच्या सह्या होत्या. जिच्यावर सगळं शेकलं होतं तिचा जबाब मात्र नव्हता. तिचा पत्ता तेवढा होता, कारण घरी बसवल्याचं पत्र त्या पत्त्यावर गेलं होतं. तो पत्ता तिने उतरवून घेतला.

*

दार तंत्रज्ञ बाईच्या सासऱ्यांनी उघडलं. सूनबाई घरीच आहे, पण हल्ली कुणाशी बोलत नाही, असं ते म्हणत होते तोवर आतून आवाज आला, येऊ द्या.

तंत्रज्ञ बाई जमिनीवर बसून दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होती. तिशीची असेल. पाहुणी कुठल्या कंपनीची हे कळल्यावरही तिची सुई थांबली नाही. बसा असंही ती म्हणाली नाही.

"स्क्रीन आधी काळी झाली," ती म्हणाली. "मग पंप थांबला. मी बाहेर येणाऱ्या नळीला चाप लावला, हँडल बाहेर काढलं. बटण सगळ्यांत शेवटी."

"हे समितीला सांगितलंत?"

"सातदा. प्रत्येकाने लिहून घेतलं. छापून आलं ते दुसरंच."

मग तिने सगळं सांगितलं, जणू आठव्यांदा सांगताना शब्द वाया घालवायचे नव्हते. पंप बंद पडला की नळ्यांमधलं रक्त गोठू लागतं. त्यासाठी यंत्राच्या कुशीला एक हँडल असतं. ते हाताने फिरवून रक्त रुग्णाच्या अंगात परत ढकलायचं. फार जोरात नाही, फार हळू नाही. अशा वेळी हवेचा बुडबुडा पकडणारा डोळाही बंद असतो, म्हणून आपला डोळा नळीवरून हलवायचा नाही. एक बुडबुडा आत गेला तर माणूस जातो. तिने चार मिनिटं हँडल फिरवलं. मास्तर मध्येच गळून पडले, तरी ती थांबली नाही, कारण थांबली असती तर ते उठलेच नसते. रक्त बहुतेक परत गेलं. मग परतीच्या नळीलाही चाप लावला, मदतीला आलेल्या नर्सच्या हाती मास्तरांना सोपवलं आणि मग ते बटण दाबलं.

जाता जाता पाहुणीने विचारलं, त्याआधी वेगळं काही घडलं होतं का. बाईने दाताने दोरा तोडला.

"खालच्या काउंटरवरून फोन आला होता. यंत्राच्या नोंदींचा तो नवा अहवाल उघडत नाहीये, तुमचं यंत्र चालू आहे ना, म्हणून. मी हो म्हणाले. फोन ठेवला, वळले, तर स्क्रीन काळी."

हेही तिने सातदा सांगितलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाचणीच्या खोलीत तसंच एक यंत्र लावून घेतलं. रक्ताऐवजी लाल रंगाचं पाणी, रुग्णाऐवजी बादली. यंत्र दोन तास चालू दिलं. मग शेजारच्या संगणकावरून तो नवा अहवाल मागवला.

स्क्रीन काळी झाली. पंप थांबला. खोलीत एकदम शांतता पसरली.

तिने हँडल बाहेर काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि फिरवायला लागली. दीड मिनिटात खांदा भरून आला. दुसऱ्या मिनिटाला तिने हात बदलला. बदलताना नजर नळीवरून हलली आणि परत आली तेव्हा एक मोत्याएवढा बुडबुडा बादलीत शिरून फुटला होता. तिने हँडल सोडलं नाही. चार मिनिटं पुरी होईतो ती फिरवत राहिली. मग ओल्या हातांनी तिथल्याच स्टुलावर बसली. जिने हे जिवंत माणसाच्या रक्ताने केलं, तिला निष्काळजी ठरवणारे ते चार सहीबहाद्दर आयुष्यात एकदा तरी या हँडलला हात लावून आले होते का?

कर्नलमधली ती चुकीची ओळ सापडायला दुपार झाली. सापडली तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

कर्नलला काही साठवायचं असलं की आधी मेमरीत जागा मागावी लागते. जागा मागायच्या दोन रीती. एक जुनी: नोंदी किती आणि एक नोंद केवढी याचा गुणाकार आपणच करायचा आणि येईल तेवढी जागा मागायची. दुसरी सुरक्षित: आकडा आणि माप वेगवेगळं द्यायचं. गुणाकार प्रणाली स्वतः करते आणि उत्तर मावण्याजोगं नसेल तर सरळ नाही म्हणते. नाही म्हटलं की अहवाल येत नाही, एवढंच. काउंटरवरचा माणूस वैतागतो. वर खाटेवरच्या माणसाचं रक्त धुतलं जात राहतं.

त्या ओळीत जुनी रीत होती. काउंटरच्या संगणकावरून आलेल्या नव्या अहवालाने फक्त साठ नोंदी मागितल्या होत्या, पण 'अलार्मही पाठवा' अशी एक खूण आकड्याच्या वरच्या टोकाला जोडली होती. जुन्या ओळीला ती खूण ओळखता येत नव्हती. ओळीने ती आकड्यातच धरली, आणि साठचे झाले सहा कोटी एकाहत्तर लाख आठ हजार नऊशे चोवीस. त्याला एका नोंदीच्या मापाने, म्हणजे चौसष्टने, गुणल्यावर उत्तर ठरलेल्या घरांत मावेना. वरचे अंक गळून पडले आणि उरली बरोबर साठ नोंदींची जागा. मग यंत्राने इमानेइतबारे, सहा कोटी मागितल्यात ना, मग असतील तेवढ्या घ्या म्हणून, दोन तासांच्या साडेसात हजार नोंदी त्या साठांच्या जागेत ओतल्या. शेजारी पंपाचा हिशेब होता, स्क्रीनचा होता. सगळं वाहून गेलं.

*

यावेळी ती विभागप्रमुखांसमोर बसलीच नाही. उभ्याने सांगितलं, सगळं, लाल पाण्याच्या बादलीसकट. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की ओळ आजच बदलून टाका, सगळ्या रुग्णालयांना पुढच्या अपडेटमध्ये जाऊ दे. बदलाखाली टीप लिहावी लागते, तिथे 'किरकोळ सुधारणा' लिहा. दाखल्याचं आपण बघू, भाषा वकील ठरवतील.

"आणि ती बाई?"

"ती रुग्णालयाची नोकर आहे, मॅडम. आपली नाही."

तिने टेबलाची कड धरली. दोन वर्षांपूर्वी जुन्या रीतीच्या सगळ्या ओळी शोधून बदलायची मोहीम तिनेच काढली होती. एकशे त्रेचाळीस ओळी सापडल्या, एकशे बत्तीस बदलल्या. उरलेल्या अकरा कर्नल जन्माला घालणाऱ्या गुरुजींच्या विभागातल्या, त्या तशाच राहिल्या. कारण गुरुजींनी नको म्हटलं. ही त्या अकरांतली एक होती.

"मी तेव्हाच विरोध केला होता," ती म्हणाली. "लेखी आहे. दाखवेन वेळ आली तर."

विभागप्रमुखांची नजर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थांबली. लेखी हा शब्द त्यांना आवडला नव्हता.

संध्याकाळी जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. गळून पडलेल्या अंकांची गोष्ट त्याला लगेच कळली. जुन्या गाडीचं मीटर नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर शून्यावर येतं, म्हणून काही गाडी नवी होत नाही, असं तो म्हणाला. ती हसली नाही. गुरुजींबद्दल बोलताना तिचा घास हातातच राहिला होता. नखाला चिखल लागू न देता आयुष्यभर देव बनून राहिलेला माणूस, ती म्हणाली. भांडले होते मी त्यांच्याशी. कडाडून भांडले होते.

"लिहिलेलं आहे म्हणतेस, तर तेच पुढे ठेव," नवरा म्हणाला. "मी पोरांना सांगतो, उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवा."

*

पायऱ्या शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बदलांवरच्या सगळ्या चर्चा जपलेल्या असतात. कुणी कधी काय लिहिलं, मिनिटासकट. सकाळी ऑफिसात येऊन तिने पर्सही न उतरवता दोन वर्षांपूर्वीचं पान उघडलं. छापून विभागप्रमुखांच्या टेबलावर आपटायचं, एवढंच डोक्यात होतं.

पानावर तीन नोंदी होत्या.

पहिली तिची. 'या अकरा ओळीही बदलाव्यात का? आकडा मोठा आला तर गुणाकार ओसंडेल.'

दुसरी गुरुजींची, नऊ मिनिटांनंतरची. 'इथे गरज नाही. इथे आकडा आपलाच असतो.'

तिसरी पुन्हा तिची, आणखी दोन मिनिटांनी. 'ठीक.' त्याच्यापुढे तिच्या मंजुरीची हिरवी खूण.

तिने पान खाली ओढलं. खाली काही नव्हतं. आणखी कुठे काही लिहिलं असेल म्हणून तिने त्या आठवड्याची, त्या महिन्याची सगळी पत्रं चाळली. गुरुजींना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या सापडल्या. कँटीनच्या वेळेवरून चाललेला लांबलचक वाद सापडला. त्यात ती खरंच कडाडून भांडली होती.

आता तिला तो दिवस आठवू लागला. भांडली होती ती मनात. घरी जाताना, बसच्या खिडकीशी, गुरुजींना एकेक मुद्दा पटवून दिला होता. आकडा आज आपला आहे, यंत्राच्या आत आपणच तो ठरवतो, उद्या बाहेरच्या कुणाच्या हाती गेला तर? पुढच्या दोन वर्षांत ते भांडण तिने इतक्यांदा मनात रंगवलं होतं की त्याला आवाज फुटला होता, टेबलावर मूठ आपटली गेली होती. कागदावर मात्र एक प्रश्नचिन्ह होतं आणि एक 'ठीक'. मध्ये अकरा मिनिटं. आणि ते अकरा मिनिटांचं धैर्यसुद्धा प्रश्नार्थक.

चाळणी म्हणते सुईला, तुला भोक. तिने पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली. शेजारच्या मुलीने चहाला येतेस का विचारलं, तर तिने मान हलवली, पण हो की नाही ते त्या मुलीला कळलं नाही.

राग गेला नव्हता. तो जायचं कारणही नव्हतं. समितीने जबाब दडपला होता, विभागप्रमुख दोष दडपू पाहत होते, गुरुजींनी एका वाक्यात विषय संपवला होता, यातलं काहीच खोटं ठरलं नव्हतं. फक्त त्या रांगेत आता एक खुर्ची वाढली होती, आणि तिच्यावर ती स्वतः बसली होती.

दुपारी तिने अकराच्या अकरा ओळी बदलल्या. मग बदलाखालची टीप लिहायला घेतली. अमुक तारखेला, अमुक रुग्णालयात, अकरा बेचाळीस वाजून सात सेकंदांनी, जागा मागताना गुणाकार ओसंडल्यामुळे यंत्र उपचार चालू असताना बंद पडलं. तंत्रज्ञाने कोणतंही बटण त्याआधी दाबलं नव्हतं. तिने चार मिनिटं हाताने रक्त परत दिलं, त्यामुळे रुग्ण वाचला. हा धोका दोन वर्षांपूर्वी लक्षात आला होता. पुढे तिने त्या तीनही नोंदी जशाच्या तशा उतरवल्या, कुणी लिहिल्या त्यासकट. 'ठीक'सुद्धा.

गुरुजींच्या विभागातला बदल, म्हणून त्यांची मंजुरी लागणार होती. ते आठवड्यातून तीनच दिवस येत. त्या दिवशी होते. तिने टीप स्क्रीनवरून न पाठवता छापून नेली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि सावकाश वाचलं.

"माझं वाक्य जसंच्या तसं घातलंस," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुझंही."

गुरुजींनी कागद टेबलाच्या कडेशी नीट जुळवून ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माणूस तिला म्हातारा दिसला, आणि तसा दिसला म्हणून तिला त्यांची दया आली नाही. ते म्हणाले की तेव्हा आकडा खरंच आपला होता. ती म्हणाली, असेल. पण मी विचारलं होतं ते पुढचं होतं, आणि तुम्ही नऊ मिनिटांत उत्तर दिलंत. मी दोन मिनिटांत मान्य केलं.

त्यांनी संगणक जवळ ओढला आणि हिरवी खूण लावली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, विभागप्रमुख शब्द बदलायला सांगतील, बदलू नकोस.

विभागप्रमुखांनी सांगितलंच. यावेळी दार लावून. ही टीप हे यंत्र वापरणारं प्रत्येक रुग्णालय वाचेल याची कल्पना आहे का, असं विचारलं. कल्पना आहे म्हणूनच लिहिली, असं ती म्हणाली. मग ते हळुवार झाले. त्या पानावरची शेवटची मंजुरी कुणाची आहे ते त्यांनीही आता बघितलं होतं.

"यात सगळ्यांत जास्त नुकसान तुमचंच आहे, मॅडम. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"सगळ्यांत जास्त नाही," ती म्हणाली. "एक बाई महिनाभर घरी बसली आहे."

टीप गेली. चौथ्या दिवशी तपासणीचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्याकडे देण्यात आलं. कारण लिहिलं होतं, कामाची फेररचना. आठव्या दिवशी रुग्णालयाने समितीचा अहवाल मागे घेतला. त्यात दिलगिरी कुठे नव्हती. तंत्रज्ञाने सोमवारपासून रुजू व्हावं, एवढंच होतं.

*

रविवारी ती पुन्हा ते जिने चढली. दार यावेळी तंत्रज्ञ बाईनेच उघडलं. रुजू व्हायचं पत्र तिला मिळालं होतं, पण ते का मिळालं हे कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावर इस्त्री केलेला गणवेश घडी करून ठेवला होता.

तिने टीप पुढे केली. बाई उभ्यानेच वाचू लागली. आकड्यांच्या ओळींवरून भरभर गेली. 'त्याआधी दाबलं नव्हतं' इथे थांबली आणि ते वाक्य ओठ हलवत परत वाचलं. सासरे आतल्या दारात येऊन उभे राहिले. सुनेचा चेहरा बघून काही न विचारता परत गेले.

बाई शेवटपर्यंत आली.

"हे 'ठीक' कुणी म्हटलं? नाव आहे, पण मी ओळखत नाही."

"मी."

बाईने मान वर केली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"मागच्या वेळी आलात तेव्हा बोलला नाहीत."

"तेव्हा मला वाटत होतं, मी विरोध केला होता."

बाईने एक खुर्ची ओढली, पाहुणीकडे सरकवली, आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसून कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग तिने त्याची चौघडी केली. ती आपल्याजवळ ठेवेल असं वाटलं होतं. पण तिने तो कागद पाहुणीच्याच हातात परत दिला.

"मास्तर सोमवारी पहिल्या पाळीला असतात," ती म्हणाली. "सात वाजता. त्यांना अजून वाटतंय, मीच बंद केलं. हे त्यांना तुम्ही वाचून दाखवा. माझ्याकडून नको."

पाहुणीने कागद पर्समध्ये ठेवला, आणि येते म्हणाली.

"त्यांना कमी ऐकू येतं," बाई म्हणाली. "मोठ्याने वाचावं लागेल."